मागच्या दाराने येणारा माल

नव्या शहरात मुक्काम पडला की मी आधी सुई कुठे मिळते ते विचारते. शिवणाची नव्हे, टर्नटेबलची. फोनच्या नकाशावर रेकॉर्डची दुकानं शोधली की ढीगभर ठिपके उगवतात खरे, पण त्यातली काही दुकानं कधीच गाशा गुंडाळून गेलेली असतात, काहींमध्ये भिंतीवर शोभेला लावायच्या तबकड्या विकतात, आणि काहींमध्ये फक्त नव्या, प्लास्टिकबंद, महागड्या प्रती असतात. सुई विकणारा किंवा टर्नटेबल दुरुस्त करणारा माणूस मात्र सहसा चुकीच्या पत्त्यावर पाठवत नाही. हिऱ्याची सुई साधारण ५०० ते १,००० तास वाजली की बदलावी लागते. म्हणजे त्याच्याकडे पुन्हापुन्हा येणारं गिऱ्हाईक रेकॉर्डी मिरवणारं नसतं, वाजवणारं असतं. ही मंडळी माल कुठून उचलतात, कोण फसवतो, कुठला मालक तिरसट आहे पण दुकान अस्सल आहे, हे सगळं त्याच्या कानावर आलेलं असतं. बेल्ट बदलता बदलता तो सांगतोही.

जुन्या रेकॉर्डी आणि सीडींच्या दुकानांत मी आजवर पुष्कळ वेळ घालवला आहे (घरच्यांच्या मते वाया घालवला आहे) आणि माझं एक मत आता पक्कं झालंय. अशा दुकानाची पारख मालक काय विकतो यावरून करू नये, तो काय आणि कसं विकत घेतो यावरून करावी. नव्या मालाच्या दुकानदाराकडे वितरकाची यादी असते, हवं ते मागवता येतं. जुन्या मालाला यादी नाही. कुणी घर बदलतं, कुणी देश सोडतं, कुणाचे आईवडील जातात, कुणाचा संसार मोडतो, कुणाला सगळं फोनवरच ऐकायला मिळतंय म्हटल्यावर कपाट रिकामं करावंसं वाटतं. त्या घरांतून निघालेली खोकी कुठल्या दुकानाच्या मागच्या दाराशी जाऊन थांबतात, त्यावर दुकानाचं सगळं नशीब. जो रास्त भाव देतो त्याच्याकडे लोक माल घेऊन येतात आणि ओळखीच्यांनाही पाठवतात. जो नाडतो त्याच्या वाट्याला हळूहळू दुसऱ्यांनी नाकारलेलं तेवढं उरतं. पुढच्या दाराने आत शिरणाऱ्या आपल्याला हा व्यवहार सहसा दिसत नाही.

कधी दिसलाच तर मी हातातलं काम सोडून तो बघते. एकदा एक बाई वडिलांच्या रेकॉर्डींची खोकी घेऊन आल्या होत्या. मालकाने एकेक एलपी, म्हणजे मोठी रेकॉर्ड, काढली, दिव्याखाली तिरकी धरली, परत आत सरकवली, तीन गठ्ठे केले. बोलला काहीच नाही. एका कव्हरवर शाईने चार ओळी लिहिलेल्या होत्या, लग्नाच्या वाढदिवसाच्या वगैरे. ती त्याने बाजूला काढून ठेवली आणि म्हणाला, “ही तुम्हाला ठेवायची असेल.” बाईंनी वाचलं, उलटून पाहिलं. “नको. यावर लिहिलंय म्हणून जास्त पैसे येतील का?” मालक म्हणाला, “कमी येतील. लिहिलंय ना.” मग त्याने प्रत्येक गठ्ठ्याचा भाव वेगळा सांगितला, तिसऱ्या गठ्ठ्याचं मी काहीच देणार नाही, हवा तर परत न्या, हेही सांगितलं. बाईंनी घासाघीस केली नाही. त्या दुकानात मी अजून जाते. सगळं मिळून ठोक एक आकडा फेकणारे दुकानदार मी पाहिले आहेत, आणि त्या आकड्यात नेमकी कुठली चीज गिळली जाते तेही पाहिलं आहे.

आता ही दुकानं शहरात असतात कुठे? पहिली गोष्ट वजनाची. साध्या एलपीची तबकडी १२० ते १४० ग्रॅमची, जाड छपाईची १८० ग्रॅमची. त्यावर कव्हर. हजार एलपी म्हटल्या की दोनशे किलोच्या वर वजन होतं, आणि बऱ्यापैकी दुकानात अशा कित्येक हजार असतात. दुसरी गोष्ट भाड्याची. हा माल सावकाश विकला जातो. एखादी रेकॉर्ड वर्षभर खोक्यात पडून राहते आणि मग एक दिवस तिचा माणूस येतो. एवढा धीर हमरस्त्यावरच्या भाड्याला परवडत नाही. त्यामुळे दुकान तळघरात असतं, गल्लीच्या आतल्या टोकाला असतं, नाहीतर लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, जिथे पोचेपर्यंत मालकाच्या पाठीची कीव येते. वस्तीचे भाव चढले की अशी दुकानं सगळ्यात आधी हलतात. पाच वर्षांपूर्वीचा पत्ता म्हणूनच विश्वासाचा नाही. जुन्या पुस्तकांची दुकानं, वाद्यांची दुरुस्ती, स्वस्त खानावळी आणि विद्यार्थ्यांच्या खोल्या जिथे अजून तग धरून आहेत, तिकडे आधी फिरावं. आणि भाडं अगदीच झेपेनासं झालं की दुकान मालकाच्या घरात जातं. पाटी निघते, फोन करून वेळ ठरवायची, दार उघडणारा माणूस सपाता घालून. काही उत्तम दुकानं मी अशाच दिवाणखान्यांत पाहिली. ती कुठल्याच नकाशावर नसतात. दुसऱ्या दुकानदाराने सांगितल्याशिवाय कळत नाहीत.

तो सांगतो का, ही माझी आवडती परीक्षा आहे. आपल्याला हवं ते त्याच्याकडे नसलं की सरळ विचारायचं, आणखी कुठे बघू? चांगला दुकानदार दोन नावं सांगतो, वर “अमक्याकडे जाझ नका बघू, पण जुनं शास्त्रीय त्याच्याकडे आहे” अशी टीपही जोडतो. बरेचसे दुकानदार एकमेकांकडूनच माल घेतात-देतात. एकाकडे नको असलेलं खोकं दुसऱ्याकडे जातं. ज्याला शहरात दुसरं दुकानच ठाऊक नाही असं तो म्हणतो, त्याच्यापासून जरा सावध. रेकॉर्डींच्या जत्रा-प्रदर्शनांतही हेच करावं. तिथे गर्दीत माल नीट बघता येत नाही, भावही सणाचेच असतात, पण टेबलामागे बसलेल्या माणसांची दुकानं कुठे आहेत ते एका सकाळीत कळतं. एप्रिलमध्ये ‘रेकॉर्ड स्टोअर डे’ साजरा होतो, २००८ पासून. त्या दिवशी मी शक्यतो घरी बसते. रांग असते ती मर्यादित संख्येच्या नव्या प्रतींसाठी. जुन्या खोक्यांकडे तेव्हा कुणाचं लक्ष नसतं हे खरं, पण तिथवर पोचायलाच मिळत नाही.

दुकानात शिरल्यावर भिंतीकडे बघू नये. भिंतीवर असते ती दुकानाची मिरवणूक. दुर्मिळ, झगमगीत, बहुधा वर्षानुवर्षं न विकलेली. मी आधी ‘नवीन आलेलं’ असं लिहिलेलं खोकं शोधते. ते नसेल किंवा त्यावर धूळ असेल तर मागचं दार बंद पडलंय असं समजावं. मग नाकाने काम करायचं. ओलीचा, बुरशीचा वास असेल तर तिथून घेतलेलं एखादं कव्हर घरच्या चांगल्या कपाटालाही बाधतं. रेकॉर्डी उभ्या ठेवल्या आहेत की एकावर एक आडव्या रचल्या आहेत, तेही बघून घ्यावं. आडव्या ढिगात खालच्या तबकड्या दबतात, वाकतात. ज्याला हे कळत नाही तो तुम्हाला बाकी काय सांगणार? आणि एक टर्नटेबल, हेडफोनसकट, गिऱ्हाईकाला वाजवून बघायला ठेवलेलं. असं टर्नटेबल असलं की मी बाकी पुष्कळ माफ करते. मालकाचं तिरसटपणही. “कुणासाठी घेताय?” हा प्रश्नही, जो बाईमाणूस दिसलं की अजून विचारला जातो.

वाजवून बघायची सोय नसली तर डोळे आणि बोटं. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात रेकॉर्ड नेहमी बरी दिसते. तिला एकट्या बल्बच्या किंवा खिडकीच्या तिरप्या उजेडात न्यावं. केसासारख्या बारीक रेघा दिसतात, त्यांचं फार मनावर घ्यायचं नाही, पुष्कळदा त्या ऐकूही येत नाहीत. बोट हलकेच फिरवल्यावर जी रेघ लागते ती मात्र वाजणारच. ती आडवी, मध्याकडून कडेकडे गेलेली असेल तर दर फेऱ्याला एक ‘टक’. मिनिटाला तेहतीस फेऱ्यांच्या वेगात एक फेरा १.८ सेकंदांचा असतो, त्यामुळे असा ओरखडा गाण्यात स्वतःचा वेगळाच ताल धरून बसतो. मग रेकॉर्ड डोळ्यांच्या रेषेत आडवी धरायची, वाकली असेल तर कड वरखाली दिसते. मग लेबलवरचं भोक. त्याच्याभोवती चंदेरी ओरखड्यांचं जाळं असेल तर ती अंधारात, घाईने, पुष्कळदा लावली गेली आहे. समजा जाळं दाट आहे आणि चरांचा काळा रंग करडा पडलाय, तर मळ म्हणून सोडून देऊ नका. मळ धुऊन निघतो. जड सुईने झिजवलेला चर कशानेही भरून येत नाही. उलट, धुळीने माखलेली पण भोकाजवळ स्वच्छ असलेली रेकॉर्ड दिसली की मी ती काखेत मारते. ती कुणी फारशी वाजवलीच नाही, नुसती विसरली.

शेवटच्या गाण्यानंतर लेबलपर्यंतची जी मोकळी पट्टी असते तीही वाचण्यासारखी. तिथे साच्याचा क्रमांक कोरलेला असतो, कधी यंत्राने, कधी हाताने. त्याच ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती वेगळ्या का वाजतात याचा उलगडा त्या क्रमांकातून होतो, कारण साचा वेगळा, तो कापणारा माणूस वेगळा. काही कारागीर सहीही ठोकून जात. ब्रिटनचे जॉर्ज पेकहॅम आपल्या कामावर ‘ए पोर्की प्राइम कट’ असं कोरत, आणि ती अक्षरं दिसली की अजूनही लोक खोक्यापाशी क्षणभर थबकतात. दुकानदार स्वतः हा क्रमांक बघून चिठ्ठीवर टिपत असेल, कव्हरवर ‘दुसऱ्या बाजूला पहिल्या गाण्यात टकटक’ असं पेन्सिलीने लिहून ठेवत असेल, तर समजायचं की त्याने ती वाजवली आहे. प्रतवारीच्या इंग्रजी अक्षरांपेक्षा मला ती पेन्सिल जास्त कळते. त्या प्रतवारीत ‘व्हीजी प्लस’पर्यंत, म्हणजे ‘व्हेरी गुड’हून सरसपर्यंत, सगळं ठीक, ‘गुड’ लिहिलेली रेकॉर्ड घरी आणायची नसते.

अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांचं प्रकरण निराळं आहे, आणि त्या ठेवणारी दुकानंही निराळी. त्या लाखेच्या. पडल्या की फुटतात, आणि अल्कोहोल असलेल्या द्रवाने पुसल्या तर पृष्ठभागच विरघळतो. एलपीची बारीक सुई त्यांच्या रुंद चरात नीट बसत नाही, वेगळी सुई लागते. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. १९४८ साली एलपी आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावू लागली, तोवर जगभरच्या गाणाऱ्यांनी तेवढ्यातच गाणं बसवलं. या तबकड्या विकणारे लोक वयाने मोठे असतात, बोलतात भरपूर, आणि तुम्ही विकत घेतलीत त्याहून जास्त ऐकवतात. वेळ हाताशी ठेवून जावं.

आता सीडी. हिच्याबद्दल कुणी प्रेमाने बोलत नाही, म्हणूनच हिच्यात आज खरी मजा आहे. अमेरिकेत २०२२ साली विनाइलच्या, म्हणजे रेकॉर्डींच्या, प्रती सीडींपेक्षा जास्त खपल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच. विनाइल चढलं तसे त्याचे जुने भावही चढले, आणि सीडी कोपऱ्यात गेली. दुकानदार त्या वजनाने दिल्यासारख्या देतात. बरं, सीडीच्या काळात, म्हणजे १९८२ नंतरच्या वीसेक वर्षांत, किती तरी गोष्टी फक्त सीडीवरच निघाल्या. लहान कंपन्यांची लोकसंगीताची ध्वनिमुद्रणं, विद्यापीठांनी काढलेले संग्रह, एखाद्या गायकाच्या शिष्यांनी खर्च करून काढलेली एकच मैफल. ही रेकॉर्डवर कधी आली नाहीत आणि फोनवर शोधून सापडतीलच असं नाही. शिवाय ऐंशीच्या दशकातल्या सीडींचा आवाज बऱ्याचदा मोकळा असतो. नव्वदीनंतर सगळं मोठ्याने वाजवायची चढाओढ लागली, हळू-मोठ्याचा फरक दाबून टाकला गेला. नंतर ‘सुधारून’ काढलेल्या आवृत्तीपेक्षा पहिली साधी सीडी सरस निघाल्याचा अनुभव मला वारंवार आला आहे. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत एएडी, एडीडी किंवा डीडीडी असं छापलेलं दिसतं. पहिलं अक्षर ध्वनिमुद्रणाचं, दुसरं मिश्रणाचं, तिसरं अंतिम प्रतीचं, अॅनालॉग की डिजिटल. तिसरं नेहमी डी, सीडी आहे म्हटल्यावर. त्यावरून दर्जा ठरत नाही, पण मूळ टेप कुठल्या काळातली हे चटकन लक्षात येतं.

सीडी पारखताना लोक चमकती बाजू न्याहाळतात. ती न्याहाळावी, पण जीव असतो दुसऱ्या बाजूला. खालून १.२ मिलिमीटर जाडीचं पारदर्शक प्लास्टिक आहे, लेसर त्यातून आरपार वाचतो, वरवरचे ओरखडे त्याला फारसे अडवत नाहीत आणि पॉलिश करून घालवताही येतात. माहितीचा थर असतो छापील बाजूच्या लगेच खाली, लॅकरच्या पातळ पापुद्र्याआड. त्या बाजूने टोकदार काही लागलं की तेवढं संगीत गेलं. म्हणून सीडी उजेडासमोर धरायची. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांतून प्रकाश आला तर परत खोक्यात ठेवून द्यायची. काही सीडी कडेकडून आत तांबूस-सोनेरी होत जातात. ब्रिटनमधल्या एका कारखान्यात १९८८ ते १९९३ दरम्यान निघालेल्या पुष्कळ प्रतींना हा रोग आहे, तिथल्या थराची वेष्टनातल्या गंधकाशी प्रक्रिया झाली. खालची बाजू हिरवट-निळसर दिसली तर ती घरी भरलेली प्रत, कव्हर कितीही झोकदार असो. डबी उघडून आतली सीडी तीच आहे ना, पुस्तिका आहे ना, हे बघायला विसरू नये. डबी फुटलेली असली तर काही बिघडत नाही, नवी मिळते. पुस्तिका मिळत नाही, आणि मैफलीत तबल्यावर कोण होतं हे बहुधा तिथेच छापलेलं असतं.

भावाचा विषय काढला की हल्ली दोन्हीकडून फोन निघतात. डिस्कॉग्स हे संकेतस्थळ २००० साली सुरू झालं तेव्हा त्यात इलेक्ट्रॉनिक संगीताच्या रेकॉर्डींची नोंद व्हायची, आता जवळजवळ सगळ्याच प्रकारांची होते, आणि खरेदी-विक्रीही. उपयोगी आहे, वादच नाही. पण तिथला मागितलेला भाव आणि खरंच विकला गेलेला भाव यांत मोठी दरी असते. जो दुकानदार मागितलेल्या भावातला सगळ्यात वरचा आकडा आपल्या रेघा पडलेल्या प्रतीवर चिकटवतो, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्याला ती विकायची नसून जपायची असते. मला बरा वाटतो तो दुकानदार, जो विनाइलवर बाजाराप्रमाणे घेतो आणि सीडींच्या खोक्यावर सरसकट एक भाव लावतो, कारण प्रत्येक सीडी शोधत बसायला त्याला वेळ नाही. त्याचा तो कंटाळा आपल्या पथ्यावर पडतो. एकदम चारपाच घेतल्या तर सूट विचारावी. एका वस्तूवर फार घासू नये, विशेषतः भाव मुळात रास्त असताना. हे शहाणपण म्हणून नाही सांगत. तो पुढच्या वेळी तुमच्यासाठी काही बाजूला काढून ठेवणार आहे की नाही, ते तिथेच ठरतं.

आणि बाजूला काढून ठेवणं हेच तर हवं असतं. ओळख झाली की आपल्याला काय हवं ते लिहून द्यावं. लांबलचक यादी नको, ती कुणी वाचत नाही. एखादा गायक, एखादं वाद्य, एखाद्या काळातली रेडिओवरची मुद्रणं, एवढं पुरे. नेमकं नाव देण्यापेक्षा आवड सांगितलेली बरी, म्हणजे आपल्याला माहीतच नसलेली वस्तूही त्याच्या डोळ्यांपुढे येते. मला मिळालेल्या चांगल्या गोष्टींतल्या बऱ्याच अशाच आल्या, “हे तुम्ही मागितलं नव्हतं, पण ऐकून बघा” म्हणत पुढे सरकवलेल्या. सगळ्याच आवडल्या असं नाही. एक-दोन मी त्यालाच परत विकल्या, आणि त्याने त्यांचा भाव कमीच दिला, जे बरोबर होतं.

राहता राहिली वेळ. शनिवार-रविवारी दुकान भरलेलं असतं, खोक्यापाशी खांद्याला खांदा लागतो, आणि घरं आवरणारे लोकही तेव्हाच माल घेऊन येतात, त्यामुळे मालकाला मान वर करायला फुरसत नसते. आलेलं सोमवारी-मंगळवारी धुतलं जातं, तपासलं जातं, चिठ्ठ्या लागतात. मी बुधवारी दुपारी जाते.